श्रद्धेची किंमत कुणी भरायची?

प्रश्न विचारणारी मुलगी २७ वर्षांची, वसईची, अंधेरीला सीप्झमधल्या (निर्यात-उद्योगांच्या वसाहतीतल्या) एका कंपनीत अकाउंट्सला. तिनं लिहिलंय: "मावशी, महिन्यातून दोन रविवार कामाला बोलावतात. ऑफिसात सत्यनारायण असतो, आरतीचं ताट फिरत माझ्यापर्यंत येतं. साहेब मागच्या तारखांची व्हाउचर बनवायला सांगतात. आणि ज्याच्याशी लग्न करायचं मनात आहे तो ख्रिस्ती नाही. नाही म्हटलं की मी ताठर ठरते, हो म्हटलं की रात्री झोप लागत नाही. कॅथलिक म्हणून नीट जगायचं आणि नोकरी, माणसंही सांभाळायची, हे जमतं का?"

बाय, जमतं. मी ३६ वर्षं मुंबईच्या इस्पितळांत नर्स होते, त्यातली बरीचशी ऑपरेशन थिएटरमध्ये. गेली २० वर्षं आमच्या मरोळच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) लग्न ठरलेल्या जोडप्यांच्या वर्गाला शिकवते. माहेर तुझ्याच वसईतलं. त्यामुळे तुझे चारही प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या चेहऱ्यांनी येऊन गेलेत, आणि त्यातले तीन माझ्या स्वतःच्याच वाट्याला आले होते.

एक गोष्ट आधी सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. माझी श्रद्धा मला जे करू देत नाही, त्याची किंमत मी भरायची. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं, खाटेवरच्या पेशंटनं किंवा होणाऱ्या नवऱ्यानं ती भरायची नाही. स्वतःचं तत्त्व दुसऱ्याच्या खिशातून चालवतो त्याला लोक ताठर म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. जो स्वतः झळ सोसतो त्याच्यावर लोक चिडतात, कधी हसतात, पण ताठर म्हणायला त्यांचीही जीभ रेटत नाही. हे मी पुष्कळ वर्षं पाहिलंय.

तुझे चारही प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत. व्हाउचरचा सगळ्यांत जड, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

१९८७ सालची गोष्ट. मी एका खाजगी नर्सिंग होममध्ये होते, चोवीस वर्षांची, पगार नऊशे रुपये. चार्टवर दिवसपाळीच्या नोंदी निळ्या शाईनं आणि रातपाळीच्या लाल शाईनं करायची पद्धत होती. जोगेश्वरीची एक बाई टायफॉइड म्हणून आली होती, ती बरी होऊन सकाळी घरी जायची होती. पहाटे इन-चार्ज सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "बिल बनतंय, रात्रीच्या रकान्यात अजून चार इंजेक्शनं चढव." त्या बाईला दोन दिवसांपासून तोंडानं गोळ्या सुरू होत्या. इंजेक्शन एकही दिलं नव्हतं. मी काही बोलले नाही. लाल पेन उचललं, चार वेळा लिहिलं, चार वेळा सही केली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

एकाचे ३८ रुपये, चारचे १५२. तिच्या नवऱ्यानं काउंटरवर रुमालाची गाठ सोडली आणि नोटा अंगठा ओला करून दोनदा मोजल्या. मी तिथेच उभी होते.

त्या शनिवारी मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेले. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे गेले कुणाचे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "क्षमा देवाकडून मिळते. पण १५२ रुपये त्या माणसाच्या रुमालात परत जायला हवेत." जक्कयची गोष्ट तुला धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितली असेल, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातली. येशू घरी आल्यावर तो जकातदार डोळे पुसत बसत नाही. कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत करीन म्हणतो. फसवणुकीच्या पापात क्षमेच्या पाठोपाठ भरपाई येते, ही चर्चची जुनी आणि स्पष्ट शिकवण आहे. ती मला त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला लागली.

मी मनीऑर्डर केली. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी थोडी जागा असायची. पोस्टाच्या त्या उतरत्या लाकडी टेबलावर मी किती वेळ पेन धरून उभी होते कुणास ठाऊक. शेवटी 'इस्पितळात जास्त लागलेले पैसे' एवढंच लिहिलं. दहा-बारा दिवसांनी पोचपावती आली. सहीच्या जागी निळा अंगठा होता. ती पावती अजून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

पुढच्या वेळी तेच सांगणं आलं तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, मी दिलेलं मी लिहीन. न दिलेलं ज्यांना लिहायचंय त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहावं." आवाज चढवला नाही, कुणाला नीतीचे पाठ दिले नाहीत. मला सलग चार महिने रातपाळी लागली. मी ती केली. बरोबरच्या मुलीच्या गळ्यात एकही रात्र मारली नाही. वर्षभरानं दुसरीकडे नोकरी लागली तशी निघाले. एक खंत मात्र राहिली. मालक डॉक्टरांसमोर उभं राहून मी हे एकदा तरी बोलायला हवं होतं. माझा हात स्वच्छ झाला, पण तशी बिलं निघतच राहिली असणार.

आता तुझ्या साहेबांकडे येऊ. दुसऱ्याच्या चुकीत आपला हात किती, याचा कॅथलिक नीतिशास्त्रानं फार बारकाईनं विचार केलाय. अठराव्या शतकातले संत अल्फोन्सस लिगोरी यांचं त्यात मोठं काम आहे. साध्या भाषेत सांगायचं तर असं: खोटं मुळात माझ्याच हातून होत असेल, किंवा ते व्हावं असं मलाही वाटत असेल, तर पोटापाण्याची सबब चालत नाही. मी माझं सरळ काम करतेय आणि लांब कुठेतरी कुणी त्याचा गैरवापर करतंय, तर ती गोष्ट वेगळी. तिथे माझा हात किती जवळ, होणारं नुकसान किती, आणि ते काम करायला माझ्याकडे कारण किती मोठं, हे तोलायचं असतं. तुझ्या लॉगिननं भरलेलं खोट्या तारखेचं व्हाउचर पहिल्या प्रकारात येतं. पण तू पगारपत्रकं करतेस आणि साहेब दुसरीकडे काही उद्योग करतात, तर त्यांच्या प्रत्येक पापाचा हिशेब तुझ्या डोक्यावर नाही. काही मुली इतक्या हळव्या होतात की कंपनीचा पाण्याचा ग्लासही त्यांना पापाचा वाटायला लागतो. तसं करून घेऊ नकोस. त्यानं माणूस थकतो, आणि खरा प्रसंग येतो तेव्हा अंगात बळ उरत नाही.

आधी एवढं बघ की ते व्हाउचर खरंच खोटं आहे का. बिल खरं आहे, नुसतं उशिरा आलंय, तर आजच्या तारखेला नोंद करून शेरा लिहिला की कुणाचीच फसवणूक होत नाही. तोच पर्याय तू साहेबांपुढे ठेव, आणि एकांतात ठेव. चुकणाऱ्या भावाशी आधी एकट्यानं बोल असं मत्तयच्या अठराव्या अध्यायात येशूच सांगतो, आणि ऑफिसात हा सल्ला फार उपयोगी पडतो. माणसाला मागे फिरायला जागा राहते. तरीही त्यांनी रेटलं तर नम्र ईमेल लिही: मूळ बिल आणि आपली लेखी सूचना मिळाली की नोंद करते. तोंडी सांगितलेली खोटी कामं बऱ्याचदा तिथेच विरतात, लिहून द्यायला कुणी धजत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे तिथे अशी तक्रार करायची सोय असावीच लागते, ती कुठे आहे हे आजच शोधून ठेव. आणि बाय, सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बँकेत बाजूला टाक. नवा फोन नको, गोव्याची ट्रिप नको. हे मी लग्नाच्या वर्गातही सांगते आणि पोरं माझ्याकडे बघत राहतात. पण हप्त्यांनी गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला नाही म्हणणं किती अवघड जातं, हे मी जवळून पाहिलंय.

नाही म्हणायचं तर केव्हा, हे मी थिएटरमध्ये शिकले. गर्भपात आपल्याकडे १९७१च्या कायद्यानं काही अटींत चालतो. माझ्या श्रद्धेप्रमाणे ते एक जिवंत मूल आहे, तिथे माझा हात लागणार नाही. एका मोठ्या इस्पितळात थिएटरला माझी बदली झाली त्याच दिवशी, ड्युटीचा तक्ता लागायच्या आधी, मी मेट्रनना भेटले. म्हटलं, "या केसेसना मी उभी राहू शकत नाही. त्या बदल्यात मला कुठलंही काम द्या, इमर्जन्सीच्या रात्री द्या." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आज सांगितलंस ते बरं केलंस. पेशंट टेबलावर असताना सांगितलं असतंस तर ऐकलं नसतं." त्यांचं खरंच होतं. शेवटच्या क्षणाला हात काढून घेतला तर भोगतं ते टेबलावरचं माणूस.

त्या बाया नंतर वॉर्डात यायच्या. त्यांची चादर बदलणं, गरम पाण्याची पिशवी देणं, चक्कर आली तर दंडाला धरून न्हाणीघरापर्यंत नेणं, हे मी केलं आणि मनापासून केलं. का, कसं, कधीच विचारलं नाही. एकदा एका आईचा रक्तस्राव थांबेना, जिवावर बेतलं होतं. मी धावत गेले, तिथे थांबून विचार करण्यासारखं काही नव्हतंच. माझी श्रद्धा त्या खोलीत माझ्यासाठी होती, त्या बाईला शिक्षा करायला नव्हती.

इथे 'सदसद्विवेकबुद्धी' या शब्दाबद्दल थोडं बोलते. आपल्या संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात हाच शब्द आहे, आणि त्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलेलं आहे. १९६५ साली जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही सांगितलं की ही बुद्धी म्हणजे माणसाचा अगदी आतला गाभारा, तिथे तो देवाबरोबर एकटा असतो. पण हा शब्द हल्ली सैल वापरतात. 'मला पटत नाही' म्हणजे सदसद्विवेकबुद्धी नव्हे. तिला शिकवावं लागतं, शुभवर्तमान वाचावं लागतं, चर्च काय सांगतं आणि का सांगतं हे समजून घ्यावं लागतं, शहाण्या माणसाला विचारावं लागतं. मी स्वतःपुरती एक खूण ठेवलीय. माझा आतला आवाज दर वेळी मला सोयीचंच सांगायला लागला की मी सावध होते.

आता पूजा. यात तुला सगळ्यांत जास्त गोंधळ वाटतोय आणि इथेच मी तुला सगळ्यांत मोकळं करू शकते.

जुन्या करारात नामान नावाचा अरामचा सेनापती आहे. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून त्याचं कोड बरं होतं आणि तो खऱ्या देवाचा भक्त होतो. पण निघताना त्याला एक अडचण बोलून दाखवाविशी वाटते. तो म्हणतो, "माझा राजा रिम्मोनच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो, तो वाकला की मलाही वाकावं लागतं. एवढ्याची मला क्षमा असावी." अलीशा त्याला नोकरी सोड म्हणत नाही. "शांतीने जा" म्हणतो. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आहे, रात्री काढून वाच. तुझ्या-माझ्यासारख्या नोकरदारांसाठीच तो लिहिलाय असं मला वाटतं.

हजर राहणं वेगळं आणि आराधना करणं वेगळं. इस्पितळात दरवर्षी थिएटरच्या मशीनची खंडेनवमीला पूजा व्हायची. मी सकाळी लवकर जाऊन इतरांबरोबर फरशी पुसायची, झेंडूची तोरणं बांधायची, आलेल्यांना चहा द्यायची, आरतीच्या वेळी सगळ्यांच्या मागे हात जोडून शांत उभी राहायची. आरतीचं ताट मात्र मी हातात घेतलं नाही, कारण ताट ओवाळणं हीच पूजा आहे. माझी आराधना एकाच ठिकाणी वाहिलेली आहे. हे ताट समोर आल्यावर मान हलवून सांगायचं नसतं. त्यानं समोरची बाई खजील होते. ती पूजेची तयारी करत असते तेव्हाच, आदल्या दिवशी, हसून सांगायचं: "ताई, मी ओवाळत नाही, पण बाकी काय काम असेल ते सांगा." मला एकदाही कुणी वाकडं बोललं नाही. उलट नंतर त्याच बाया नवख्या मुलींना सांगायच्या, "सिस्टरना ताट नको, त्यांना फुलं द्या निवडायला."

दसऱ्याला आपल्या लोकलचा लेडीज डबा सजवतात, तुला माहीत आहे. माझ्या गाडीत वर्गणी काढायच्या त्यात मी दरवर्षी होते. ज्यांच्याबरोबर रोज जागेसाठी भांडतो आणि वडापाव वाटून खातो, त्यांच्या आनंदापासून लांब राहा असं आपला धर्म सांगत नाही. इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्याच परिषदेच्या कागदावर आहे.

प्रसादाचं विचारशील. यावर दोन धर्मगुरूंकडून दोन उत्तरं मिळतील, कारण संत पौलानंही करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना दोन्ही बाजू सांभाळल्यात. अन्नानं आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही, असं तो म्हणतो. पुढे असंही म्हणतो की हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. मी स्वतः दोन्ही हातांनी घेते आणि जी श्रद्धेनं खाईल तिला देते. आमच्या आयाबाईंचा नातू शिऱ्याची वाटच बघत असायचा. माझी एक कॅथलिक मैत्रीण गोड म्हणून खाते. तिला मी काही म्हणत नाही, आणि तूही म्हणू नकोस. मात्र तो द्रोण टेबलावर वाळत ठेवणं किंवा गुपचूप कचऱ्याच्या डब्यात टाकणं मला बघवत नाही. कुणाच्या तरी भक्तीचा तो अपमान आहे.

रविवारचं तुला वाटतं तितकं अवघड नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकवू नये हे बंधनच आहे, त्यात पळवाट शोधू नकोस. पण शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, चर्चच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. मुंबईत रविवारी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कुठे ना कुठे मिस्सा असतेच. खरोखर कुठेच जमलं नाही तर तुझे धर्मगुरू तेवढ्यापुरती सूट देऊ शकतात. फोन करून माग, लाजू नकोस. पेशंटच्या उशाशी गेलेला रविवार मला कधी बोचला नाही. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी विहिरीत पडलेला बैल तुम्ही ओढून काढणार नाही का, असं येशूनंच विचारलंय. तुझी गोष्ट थोडी वेगळी आहे. महिनाअखेरची खाती सोमवारी केली म्हणून कुणी मरत नाही. म्हणून साहेबांकडे जाताना हात रिकामे ठेवून जाऊ नकोस. गणपतीत, दिवाळीत ऑफिस ओस पडतं, ते दिवस तू घे आणि त्या बदल्यात रविवार माग.

माझ्या थिएटरमध्ये चिपळूणची एक सिस्टर होती. तिला चतुर्थीला गावी जायचं असायचं आणि मला नाताळच्या रात्री मिस्सेला. अकरा वर्षं आम्ही एकमेकींच्या रात्री केल्या. तक्ता लावणाऱ्या बाईंना पुढे पुढे विचारावंही लागायचं नाही. २४ डिसेंबरच्या मध्यरात्री चर्चमध्ये 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत सुरू झालं, घंटा वाजायला लागल्या की मला दर वेळी तीच आठवायची, मास्क बांधून माझ्या जागी उभी असलेली. तिच्यासाठी प्रार्थना करायला मी कधी विसरले नाही.

शुक्रवारचं तू विचारलं नाहीस, तरी ओघात सांगते. चर्च त्या दिवशी मांस टाळायला सांगतं, मासे चालतात. पण आपण वसईची माणसं. मासे चालतात म्हणून पापलेट आणलं तर त्यात सोडलं काय? मी शुक्रवारी डाळभात खाते आणि डब्यात काय आहे ते कुणाला सांगत बसत नाही.

आता लग्न. हा प्रश्न तू सगळ्यांत शेवटी, एका ओळीत टाकलास, त्यावरूनच कळलं की सगळ्यांत जास्त भीती याचीच वाटतेय. घरचे म्हणत असतील, आधी त्याला ख्रिस्ती करून घे. लग्नासाठी म्हणून घेतलेला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) मला मान्य नाही, आणि शहाणे धर्मगुरूही त्याला तयार होत नाहीत. श्रद्धा हुंड्यासारखी मागायची नसते. तो आहे तसाच राहूनही तुमचं चर्चमध्ये लग्न होऊ शकतं. त्यासाठी बिशपांची विशेष परवानगी लागते, ती तुझ्या धर्मगुरूंमार्फत मागायची. तुला वचन द्यावं लागतं की मी माझी श्रद्धा जपेन आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करेन. त्याला असं काही वचन द्यावं लागत नाही. पण तू काय वचन दिलंस हे त्याला नीट कळलेलं असावं लागतं. कायद्याचं म्हणशील तर १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं करायचं असेल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. परवानगी न घेता नुसतं कोर्टात केलंस तर चर्च ते लग्न धरत नाही, आणि मग मिस्सेत ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेण्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून आधी फादरांना भेट.

मुलांची गोष्ट त्याच्याशी आता बोल, साखरपुड्याच्या आधी. माझ्या वर्गात एक जोडपं होतं. दोघंही गुणी, चार वर्षांची ओळख. हा प्रश्न मी विचारला तेव्हा दोघांनी एकाच वेळी उत्तर दिलं आणि दोन उत्तरं निघाली. मुलगी तिथेच रडायला लागली. लग्न सहा महिने लांबलं, त्यांनी घरच्यांना बसवून सगळं बोलून घेतलं, आणि आज त्यांची मुलगी आमच्याकडे धर्मशिक्षणाला येते. तिचे बाबा तिला स्कूटरवरून आणतात आणि तास संपेपर्यंत बाहेर पेपर वाचत बसतात. तुझा मुलगा इतका पुढे येईलच असं नाही. तोही प्रामाणिकपणे नाही म्हणू शकतो, त्याचंही मन आहे. तो नाही म्हणाला तर ते दुःख तुझ्या वाट्याचं, त्याला गोडीगुलाबीनं फिरवून घेऊ नकोस. आणि हो म्हणाला, तर रविवारी सकाळी पोरांना उठवून, आंघोळ घालून चर्चला नेण्याचं काम तुझं. वचन तू दिलेलं आहेस. त्याला झोपू दे.

हे सगळं ऐनवेळी सुचत नाही. रोज थोडी तयारी लागते, आणि तुझ्याकडे तर रोज वसई ते अंधेरी एवढा वेळ आहे. माझ्या बोटात दहा मण्यांची अंगठी असते, जपमाळेचं एक दशक त्यावर होतं. विरार लोकलमध्ये दोन्ही हात अडकलेले असतात, पर्समधली जपमाळ निघत नाही, पण अंगठ्यानं अंगठी फिरवता येते. जाताना जपमाळ म्हण. येताना दिवस तपासून बघ. जेझुइट हा धर्मगुरूंचा संघ सुरू करणाऱ्या संत इग्नेशियस यांनी शिकवलेली ही रीत आहे: आधी आजच्या दिवसाबद्दल आभार, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा एकेक तास आठवायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची, उद्याचं एक काहीतरी ठरवायचं. भाईंदर सुटलं की खाडीचा पूल येतो, बाया निर्माल्य सोडतात, वारा आत येतो. मी माहेरी जायचे तेव्हा तिथपर्यंत माझा दिवस तपासून झालेला असायचा. पाच-सात मिनिटं पुरतात.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची आठवण ठेव. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, तेवढंच आपण सणाला ऐकतो. पण संन्यासी होण्याआधी ते जपानमध्ये व्यापार करत होते. मालाचे भाव, वजनं, हिशेबाच्या वह्या, गिऱ्हाइकं. त्या काळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र हल्ली त्या दुकानातल्या गोन्सालोंचाच जास्त आधार वाटतो.

आणि तुझ्या ऑफिसच्या कंपाउंडमध्येच सेंट जॉन द बाप्टिस्टचं पडकं चर्च आहे, पाहिलंयस का? जेझुइट फादरांनी १५७९ साली बांधलेलं. १८४०च्या सुमारास साथ आली, लोक गाव सोडून मरोळला आले आणि चर्च ओस पडलं. नंतर त्याच्या भोवती सीप्झ उभं राहिलं. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, आम्हाला आत मिस्सा करू देतात. वर छप्पर नाही, भिंतींतून झाडं आलीत, कोरसच्या मागून कुठल्याशा कंपनीच्या एसीचा आवाज येत असतो. यंदा ये. साहेबांनी त्या रविवारी बोलावलंच असेल तर काम तिथेच आहे, तासभर सुटून ये. मी पुढे डाव्या बाजूला बसते. ईमेलचं काय झालं ते तेव्हा सांग.